ॲट्रॉसिटीची जखम आणि दारूची बाटली : दोन दारांमध्ये अडकलेला माणूस

ॲट्रॉसिटीची केस उभी राहिली की आपण कार्यकर्ते काय काय करतो? फिर्याद नोंदवून घेतो, कलमे बरोबर लागली की नाही ते पाहतो, वैद्यकीय तपासणी करवून घेतो, समाजकल्याणकडे अर्थसाहाय्याचा पाठपुरावा करतो, मोर्चा काढतो. हे सगळे केलेच पाहिजे. पण वर्ष-दीड वर्षाने त्याच वस्तीत पुन्हा गेल्यावर काय दिसते? केस तारखांवर चालू आहे, साक्षीदार फुटण्याच्या बेतात आहेत, आणि ज्याच्यावर हल्ला झाला तो माणूस भर दुपारी पिऊन पडला आहे. घरची बाई सांगते, आधी हा सणावारालाही घेत नव्हता. आता रात्री दचकून उठतो, मोटारसायकलींचा आवाज आला की दार लावून घेतो, त्या चौकातून जायचे टाळतो. झोप लागत नाही म्हणून पितो.

यावर आपल्यातलेच लोक काय म्हणतात ते आम्ही ऐकले आहे. खरे सांगायचे तर कधीकाळी आम्हीही तेच म्हटले आहे. 'मदतीचे पैसे दारूत घातले. बाबासाहेबांचे नाव घ्यायची याची लायकी नाही.' एवढे बोलून आपण उठतो. फिर्यादी बेवडा ठरतो, त्याची साक्ष कोर्टात कवडीमोल होते, आणि आरोपीच्या वकिलाचे अर्धे काम आपणच करून ठेवतो.

आमचे म्हणणे असे आहे की आघाताची जखम आणि दारू या दोन गोष्टी अनेकदा एकाच दोरीच्या दोन टोकांसारख्या असतात, आणि दोन्हींवर एकत्र उपचार करता येतात. त्यात बोलण्याला, म्हणजे नीट पद्धतशीर समुपदेशनाला, मोठे स्थान आहे. हे आमचे मनचे नाही, यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो वाचताना एक गोष्ट ठळक दिसते. कोणाच्या जखमेला जखम म्हणायचे आणि कोणाच्या जखमेला चारित्र्याचा दोष म्हणायचे, हे विज्ञानाने एकट्याने कधीच ठरवलेले नाही. ते सत्तेने ठरवले आहे आणि चळवळींनी बदलायला लावले आहे.

अधिकाऱ्याला संवाद, शिपायाला विजेचा झटका

पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेले ब्रिटिश सैनिक थरथरत होते, मुके होत होते, रात्री किंचाळत होते. चार्ल्स मायर्स या डॉक्टरने १९१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' हा शब्द वापरला. पण उपचारांत वर्गभेद सरळ दिसत होता. अधिकाऱ्यांचा आजार 'न्यूरॅस्थेनिया', म्हणजे अतिश्रमाने थकलेल्या मज्जातंतूंचा, तर साध्या शिपायांना 'हिस्टेरिया' हे हलके नाव. एडिनबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात अधिकाऱ्यांवर डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स बोलून उपचार करत होते. तिकडे लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये लुईस यीलँड हे डॉक्टर मुक्या झालेल्या शिपायांच्या घशाला विजेचे झटके देऊन त्यांना बोलते करत होते.

हे रिव्हर्स मुळात मानववंशशास्त्रातही काम केलेले. युद्धापूर्वी ते निलगिरीत येऊन तोडा लोकांमध्ये राहिले होते आणि १९०६ मध्ये त्यांनी तोडांवर मोठा ग्रंथ लिहिला. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यांचे नाव तिथून माहीत असते. रुग्णालयात त्यांनी जे मांडले ते आजही उपयोगाचे आहे. सैनिकांना सगळे सांगतात की झाले ते विसरून जा. पण आठवण दाबून ठेवण्याच्या याच धडपडीने आजार वाढतो. आठवणीकडे कोणाच्या तरी सोबतीने पाहता आले तर ती सोसण्याजोगी होते.

आणि दारू? ती तर सरकारच देत होते. ब्रिटिश सैन्यात शिपायांना रमचा शिधा मिळत असे. युद्धानंतर शेल शॉकची चौकशी करणाऱ्या समितीचा अहवाल १९२२ मध्ये आला. तिच्यापुढे एका लष्करी डॉक्टरने साक्ष दिली की रमचा शिधा नसता तर आपण युद्ध जिंकलो असतो असे वाटत नाही. म्हणजे भीती गिळायला खंदकात दारू पाजायची आणि तोच माणूस घरी परतून प्यायला लागला की त्याला नालायक म्हणायचे. त्याच युद्धात पळून जाणे, भ्याडपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटिश सरकारने माफी दिली ती २००६ मध्ये, नव्वद वर्षांनी.

एका सोशल वर्करने ऐकून घेतले

आता अमेरिकेत येऊ. १९५२ च्या अमेरिकी मनोविकार सूचीत युद्धासारख्या भयंकर प्रसंगाने होणाऱ्या मानसिक परिणामाची एक नोंद होती. १९६८ च्या दुसऱ्या आवृत्तीतून ती गेली. व्हिएतनाम युद्ध ऐन भरात होते आणि त्याने मोडलेल्या माणसासाठी पुस्तकात नावच उरले नाही. मग अशा माणसाला काय म्हणायचे? स्किझोफ्रेनिक किंवा दारुडा.

१९६९ मध्ये बोस्टनच्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात सेरा हेली ही सोशल वर्कर नव्याने कामाला लागली. तिच्यासमोर आलेल्या एका सैनिकाने सांगितले की माय लाय नावाच्या गावात आमच्या तुकडीने बायका-मुलांना मारले, मी गोळी झाडली नाही, पण तोंड उघडलेस तर तुलाही मारू अशी धमकी मला माझ्याच सोबत्यांनी दिली आहे. दवाखान्यातल्या वरिष्ठांनी निदान केले, भ्रम झालेला स्किझोफ्रेनिक. हेलीने त्याच्यावर विश्वास ठेवला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये माय लायचे हत्याकांड वर्तमानपत्रांतून जगासमोर आले. १९७४ मध्ये हेलीने यावर लेख लिहिला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ होतो, 'रुग्ण जेव्हा ॲट्रॉसिटी सांगतो तेव्हा'. होय, शब्द तोच आहे, जो आपल्या वस्त्यांत लहान मुलालाही माहीत आहे.

मित्रांनो, आपल्याकडच्या समुपदेशकासमोर आपला माणूस बसला आणि त्याने सांगितले की मला पाटलाच्या पोरांनी जातीवरून मारले, तर काय होते? 'जात मध्ये कशाला आणता, तुमचा प्रॉब्लेम दारूचा आहे' असे उत्तर मिळते. बोस्टनमधल्या वरिष्ठांनी हेच केले होते. ऐकणाऱ्याला जे मान्य करायचे नसते, ते सांगणाऱ्याचा आजार ठरते.

या माजी सैनिकांनी मग डॉक्टरांची वाट पाहिली नाही. युद्धाला विरोध करणाऱ्या माजी सैनिकांच्या संघटनेने १९७० मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'रॅप ग्रुप' सुरू केले. गोल करून बसायचे आणि एकमेकांशी बोलायचे. रॉबर्ट जे लिफ्टन आणि खाइम शेटन हे मनोविकारतज्ज्ञ त्यांत बसले, पण सूत्रे सैनिकांच्या हातात होती. १९७२ मध्ये शेटन यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून या अवस्थेला 'पोस्ट-व्हिएतनाम सिंड्रोम' म्हटले. १९७२ हेच आपल्या दलित पँथरचेही वर्ष. दुसरीकडे स्त्री चळवळ बलात्काराच्या मानसिक परिणामांवर बोलत होती. त्यावर ॲन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम यांचा अभ्यास १९७४ मध्ये आला. या सगळ्या दबावातून १९८० च्या सूचीत पोस्ट-ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे पीटीएसडी, हे नाव दाखल झाले. मराठीत त्याला आघातोत्तर तणाव म्हणतात.

या विजयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हे नाव मिळाले ते आधी आक्रमक देशाच्या सैनिकांना. व्हिएतनामी नोंदीप्रमाणे माय लायमध्ये ५०४ माणसे मारली गेली. जे वाचले त्यांच्यासाठी कोणी रॅप ग्रुप भरवला नाही. खुद्द अमेरिकी सैनिकांतही जखम सारखी वाटली गेली नव्हती. १९८० च्या दशकात सरकारने केलेल्या मोठ्या पाहणीत व्हिएतनामला गेलेल्या पुरुषांपैकी सुमारे १५ टक्के लोकांना तेव्हाही पीटीएसडी होता. गोऱ्यांमध्ये हे प्रमाण सुमारे १४ टक्के, कृष्णवर्णीयांमध्ये सुमारे २१ आणि हिस्पॅनिकांमध्ये सुमारे २८ टक्के निघाले. पीटीएसडी असलेल्यांमध्ये दारूचा प्रश्न इतरांपेक्षा कितीतरी जास्त होता, हेही त्याच पाहणीने दाखवले.

'आधी दारू सोड, मग ये'

इथून पुढचा इतिहास दोन दारांचा आहे. व्यसनमुक्तीचे दार वेगळे, आघातावरच्या उपचाराचे दार वेगळे. पहिल्या दारावर सांगत, जुन्या गोष्टी उकरू नको, आधी कोरडा राहा. दुसऱ्या दारावर सांगत, पीत असताना आम्ही घेणार नाही, आधी दारू सोडून ये. आणि माणूस तर आठवण छळते म्हणून पीत होता. दारू सोडली की स्वप्ने परत, स्वप्ने आली की दारू परत. दोन्ही दारे आपापल्या नियमाने बरोबर होती आणि माणूस मधल्या ओट्यावर मरत होता.

१९८५ मध्ये एडवर्ड खान्झियन या मनोविकारतज्ज्ञाने मांडले की अनेक व्यसनी माणसे मजेसाठी पीत नाहीत. असह्य भावना सोसण्यासाठी ती स्वतःच स्वतःला औषध देत असतात. हे औषध वाईट आहे. दारूने गुंगी येते, पण झोप मोडकी होते, दुसऱ्या दिवशी धडधड आणि चिडचिड वाढते, आणि आठवणीशी कधी सामनाच होत नाही. म्हणून जखम तशीच ओली राहते.

पुढे दोन्हींवर एकत्र उपचार करण्याच्या पद्धती तयार झाल्या. लिसा नाजाविट्स यांनी १९९० च्या दशकात 'सीकिंग सेफ्टी' ही पद्धत बांधली, तिचे पुस्तक २००२ मध्ये आले. तिच्यात २५ विषय आहेत. भूतकाळ खोदण्याआधी आजचा दिवस सुरक्षित कसा काढायचा, ओढ लागली तर काय करायचे, मदत कशी मागायची, यावर तिचा भर आहे. दुसरी वाट एडना फोआ यांच्या पद्धतीतून निघाली. तिच्यात माणूस समुपदेशकाच्या सोबतीने तो प्रसंग पुन्हा पुन्हा सविस्तर सांगतो आणि ज्या जागा, आवाज तो टाळतो पण जे आता खरोखर धोक्याचे नाहीत, त्यांना टप्प्याटप्प्याने सामोरा जातो. त्याच सत्रांत दारूची ओढ कशाने लागते आणि ती कशी टाळायची याचेही काम चालते. साधारण १२-१३ सत्रांचा हा कार्यक्रम असतो.

जुनी भीती होती की जखम उघडली तर माणूस जास्त पिईल. ती तपासली गेली. २०१३ मध्ये फोआ आणि सहकाऱ्यांनी दारूचे अवलंबित्व आणि पीटीएसडी दोन्ही असलेल्या १६५ जणांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. आघाताबद्दल बोलण्याने पिणे वाढले नाही. नाल्ट्रेक्सोन हे औषध घेणाऱ्यांचे पिण्याचे दिवस कमी झाले. त्याआधी २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात कॅथरिन मिल्स यांनी नशेच्या पदार्थांवर अवलंबून असलेल्या १०३ जणांवर एकत्रित उपचार करून पाहिले. नेहमीच्याच उपचारापेक्षा पीटीएसडी जास्त कमी झाला. नशेच्या बाबतीत मात्र दोन गटांत फरक दिसला नाही. २०१९ मध्ये ११९ अमेरिकी माजी सैनिकांवर दोन्ही वाटांची तुलना झाली. प्रसंग सांगण्याच्या पद्धतीने पीटीएसडी अधिक उतरला आणि दारू दोन्हींमध्ये सारखीच कमी झाली.

यातून जादू सिद्ध होत नाही. बोलल्याने सगळ्यांची दारू सुटते असे कोणी सांगत असेल तर तो फसवतो आहे. पण 'आधी दारू सोड, मग तुझे ऐकू' या अटीला आधार उरलेला नाही, एवढे नक्की सिद्ध होते.

हे आपल्याकडे कोण करणार?

लगेच प्रश्न येतो की एवढे मानसोपचारतज्ज्ञ आहेत कुठे? याचे एक उत्तर शेजारच्या गोव्यात आहे. तिथे 'संगथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारूचा त्रासदायक वापर करणाऱ्या ३७७ पुरुषांवर प्रयोग केला. तो २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. जास्तीत जास्त चार भेटी. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के लोकांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले, इतरांमध्ये २६ टक्के. गेल्या १४ दिवसांत दारूला शिवलोच नाही असे सांगणारे ४२ टक्के विरुद्ध १८ टक्के. यात आघातावर उपचार नव्हता आणि पूर्ण अवलंबून असलेले रुग्णही नव्हते. पण पदवीपेक्षा प्रशिक्षण, देखरेख आणि ऐकण्याची तयारी महत्त्वाची, हे कोकणी-मराठी बोलणाऱ्या माणसांमध्येच दिसून आले. आपल्या वस्तीतली बारावी झालेली मुलगी हे काम शिकू शकते.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप धम्माच्या बाजूने येतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांमधली सतरावी दारू न पिण्याची आहे. पंचशीलातले पाचवे शील तेच सांगते. मग आजार म्हणून सूट द्यायची का? आमचे उत्तर, प्रतिज्ञेत एका अक्षराचीही सूट नको. पण प्रतिज्ञा ही माणसाला उभे करण्यासाठी आहे, पडलेल्याला लाथ मारण्यासाठी नाही. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, असे सांगणाऱ्या तथागतांचे आपण अनुयायी. कारण न शोधता शिव्या देणे हे आपले काम नव्हे. थेरी पटाचाराची कथा आठवा. नवरा, मुले, आईवडील, भाऊ सगळे गेल्यावर ती वेडी होऊन वस्त्राचे भान न ठेवता भटकत होती. लोक तिला हुसकत होते. बुद्धांनी तिला येऊ द्या म्हटले. आधी भानावर ये, मग ये, असे म्हटले नाही. ती भानावर आली ती त्यांच्या शब्दांनी.

दुसरा आक्षेप राजकीय आहे. हे सगळे मान्य केले तर अत्याचाराचा प्रश्न एकट्या माणसाच्या डोक्यातला आजार होऊन बसेल, जात सुटेल. हा धोका खरा आहे. फ्रँट्झ फॅनन यांनी अल्जीरियात ब्लिडाच्या मनोरुग्णालयात १९५३ ते १९५६ काम केले आणि राजीनामा दिला, कारण वसाहतवाद चालू असताना माणसाला त्याच वसाहतीत बसवण्यासाठी बरे करायचे, यात अर्थ नाही असे त्यांना वाटले. पण फॅनन यांनी रुग्णांना सोडले नाही. १९६१ च्या त्यांच्या शेवटच्या पुस्तकात एक अख्खे प्रकरण युद्धाने झालेल्या मनोविकारांवर आहे. न्यूयॉर्कच्या लिंकन हॉस्पिटलमध्ये १९७० मध्ये यंग लॉर्ड्स, ब्लॅक पँथर आणि इतर कार्यकर्त्यांनी हेरॉइनच्या व्यसनींसाठी केंद्र सुरू करायला भाग पाडले. तिथे उपचार आणि राजकीय शिक्षण एकत्र चाले. आठ वर्षांनी शहर प्रशासनाने ते मोडून काढले. म्हणजे उपचार आणि लढा यांत एकच निवडा, असे इतिहास सांगत नाही.

शिवाय आपल्या बाबतीत 'आघातोत्तर' या शब्दातला 'उत्तर' हाच प्रश्न आहे. सैनिक खंदक सोडून घरी येतो. आपल्या माणसाचा आरोपी जामिनावर समोरच्या आळीत राहतो. त्या चौकातून जा, आता धोका नाही, असे समुपदेशकाने म्हणून कसे चालेल? तिथे धोका आहे. म्हणून साक्षीदाराला संरक्षण, जामीन रद्द करण्याची मागणी, रोजगार हेही उपचाराचेच भाग आहेत. जो समुपदेशक हे समजत नाही, तो कितीही शिकलेला असो, आपल्या कामाचा नाही.

तिसरी गोष्ट आक्षेप नाही, इशारा आहे. जखम हे कारण असू शकते, परवाना नाही. पिऊन बायकोला मारणाऱ्याच्या घरात आणखी एक आघातग्रस्त माणूस तयार होतो, आणि ती बाई आधीच त्या हल्ल्याची साक्षीदार असते. तिची सुरक्षितता आधी. तिचे ऐकण्यासाठीही कोणीतरी हवे.

आता काय करायचे

एक, 'बेवडा' हा शब्द आपल्या बैठकांतून काढून टाका. विचारायचे असेल तर एवढेच विचारा, 'कधीपासून प्यायला लागलास? त्याआधी काय झाले होते?'

दोन, रोज भरपूर पिणाऱ्याला जबरदस्तीने एका दिवसात बंद करायला लावू नका. अचानक बंद केल्याने झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. दारू सोडवण्याची सुरुवात डॉक्टरच्या देखरेखीखाली करा.

तीन, कायदा वापरा. ॲट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५अ पीडित आणि साक्षीदारांच्या सामाजिक-आर्थिक पुनर्वसनाबद्दल बोलते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम १८ मध्ये जातीच्या आधारावर भेदभाव न करता उपचार मिळण्याचा हक्क आहे. जिल्हाधिकाऱ्यांना दिलेल्या प्रत्येक निवेदनात समुपदेशनाची मागणी लिहा, आणि आघात व दारू दोन्हींसाठी ते एकाच ठिकाणी मिळावे असे स्पष्ट लिहा. तोवर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक वस्तीच्या फलकावर लावा.

चार, विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ ऐकण्यासाठी ठेवा. भाषण नाही, उपदेश नाही. न्यूयॉर्कच्या सैनिकांनी एवढ्यापासूनच सुरुवात केली होती. त्यातून गंभीर त्रास असणारा माणूस ओळखता येतो आणि त्याला उपचारापर्यंत हाताला धरून नेता येते. प्रसंग खोदून काढायचे काम मात्र प्रशिक्षण नसताना करू नका.

आमच्या पिढीने ॲट्रॉसिटीच्या केसेस लढवायला शिकून घेतले. पण निकाल लागायला दहा वर्षे लागत असतील आणि तोवर फिर्यादी दारूने मरणार असेल, तर निकालपत्र आपण कोणाच्या हातात देणार आहोत?

जय भीम!